बांधाबांध

हाप्सालूत रात्री उणे अठरा.
स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मारिका
आवृत्ती बांधते आहे: दोन, चार, शून्य.

एवढीशी पायथन लायब्ररी. समुद्राचा बर्फ
किती वजन पेलेल, इतकंच सांगते.
जाडी द्या, खारटपणा द्या, तीन दिवसांचं तापमान द्या.
उत्तर टनांत.

'लेखक' या रकान्यात अजून हेल्दुरचं नाव.
त्याच्या पत्त्यावरची मेल परत येते,
दोन हिवाळे झाले.
सांभाळणारी: मारिका.
परवाना: घ्या, वापरा, बदला, वाटा;
हमी कसलीच नाही.
हे शेवटचं वाक्य हेल्दुर मोठ्यानं वाचायचा
आणि हसायचा, बर्फावर उभा राहून.

चाचण्या हिरव्या. व्हील तयार.
फोनवरचा सहा आकडी कोड तिनं टाकला
आणि पुडा गेला भांडारात,
लाखो पुड्यांच्या शेजारी,
जिथे कोणी कोणाला ओळखत नाही
आणि सगळे एकमेकांना टेकून उभे.

पहाटे हाइलुओतो बेटावरून यालोचा निरोप:
"डबा पोचला. आत तक्ता नाही."

खारटपणाचा तक्ता.
तेवढी एक फाइल बांधायची राहिली.
तिच्या मशीनवर सगळं चाललं, कारण तिथे
तक्ता होताच, हेल्दुरच्या फोल्डरमध्ये,
कायमचा असल्यासारखा.
आपल्याच घरात बसून
आपण काय पाठवलं नाही, ते कसं दिसावं?

एक बरं, प्रोग्राम अडला. मोडून पडला.
खारटपणा शून्य धरून तसाच पुढे गेला असता तर.
तिनं गार कॉफी सिंकमध्ये ओतली.

दोन-चार-शून्य मागे घेता येतं, पुसताही येतं,
पण तो आकडा परत मिळत नाही.
त्याच नावाचा दुसरा पुडा
भांडार घेत नाही, कितीही विनवा.

मग एक ओळ वाढवली. दोन, चार, एक.
या खेपेला कोऱ्या फोल्डरमध्ये, परक्यासारखा,
स्वतःचाच पुडा उतरवून घेतला, सोडला,
तक्त्याच्या ओळी मोजल्या: एकशे बारा.
बदलांच्या नोंदीत लिहिलं:
राहिलेला तक्ता घातला. चूक माझी. आभार, यालो.

लेखकाच्या रकान्यापाशी कर्सर
जरा जास्तच वेळ लुकलुकला.
नाव तसंच.

दुपारी यालो कळवतो: अकरा टन. दुधाची गाडी सोडतोय.
काचा खाली, सीटबेल्ट सोडलेला,
बर्फावर तशीच रीत आहे.
ड्रायव्हर कोण, ते त्यानं लिहिलं नाही.