पाणी काढलंय

अप्पांच्या पायावर कढत पाणी सांडलं
त्याला आज सतरा दिवस.
टोप मोठा, सांडशी ढिली,
आणि ओट्यापासून मोरीपर्यंत नऊ पावलं.
तीही मी मोजली, नंतर.
ते म्हणाले, तीस वर्षांत पहिल्यांदाच.
जशी काही टोपाचीच चूक.

मग विजेच्या बिलाच्या पाठीवर
मी तीन रकाने आखले.

कन्नमवार नगरात पाइपचा गॅस आला
तेव्हा सोसायटीने पेढे वाटले होते.
पिवळी नळी खिडकीतून आत आली आणि
नंबर लावणं, वाट बघणं, शेजारी उसना सिलिंडर मागणं
सगळं एका दुपारी संपलं.
आता त्याच नळीला एक फाटा काढायचा, झालं.
मीही तेच धरून चालले होते.
पण रहमत मिस्त्रीने मोरीतला नळ सोडला,
खाली तळहात धरला, म्हणाला,
ताई, एवढ्याशा धारेवर गॅसचा गीझर पेटणारच नाही.
टाकी आमच्या डोक्यावर. अगदी डोक्यावर.
म्हणूनच धार नाही.
देवळाच्या पायरीला घर, आणि दर्शन तेवढं नाही.

पंप लावू, मी म्हटलं.
तेव्हा समोरचे दळवी बोलले.
अग्निशमन दलातून निवृत्त, एरवी फक्त मान हलवणारे.
मोरीची खिडकी वीतभर,
तिलाही कबुतरांच्या भीतीने पत्रा ठोकलेला.
त्या पत्र्याकडे बघत ते म्हणाले,
मी अशी दारं फोडलीत.
आत नळ चालूच असतो.
वास कसलाच येत नाही.

कोणी चहा घेतला नाही.

सिलिंडरची ज्योतही तीच, वर तिचं ओझं.
तसा एक आहे आमच्याकडे, गॅलरीत,
पाइप आल्यावर परत करायचा राहून गेलेला.
आईच्या नावचा. पुस्तकात शेवटची सही तिची,
सिलिंडर घरात आला तो मंगळवार, ती गेली शुक्रवारी.
सील अजून तसंच.
त्याच्यावर आता कोरफडीची कुंडी असते.
कधीतरी अप्पा कुंडी उतरवतात,
दोन्ही हातांनी त्याला जरासा हलवतात,
भरलेला आहे, म्हणतात, आणि कुंडी परत ठेवतात.
त्या रकान्यात मी काही लिहिलं नाही.

राहिली वीज.
शंभर युनिटपर्यंत गुणाची, पुढे तिचं तोंड धरवत नाही.
वायरिंग जुनं, मोरीपर्यंत जाड तार नव्याने ओढायला हवी,
आणि कशासाठी?
बिल्डर आला की दोन वर्षांत सगळं पाडणार,
हे ऐकत ऐकत मला चाळिशी लागली.
दुकानदार म्हणाला, टाकीला सात वर्षांची हमी.
मी विचारलं, आणि भिंतीला?
तो हसला. मी पंधरा लिटरचा घेतला.

आता तो लोंबतो मोरीत, पांढरा, ढेरपोट्या,
एका लाल दिव्याचा.
बटण दाबा, झोपा, उठा, आंघोळ करा.
कोणी कोणासाठी उठायचं कारण नाही.

आणि साडेपाचला स्टूल सरकल्याचा आवाज येतो.
अप्पा मोरीच्या दाराशी बसतात,
पट्टी बांधलेला पाय पाटावर ठेवून
लाल दिव्याकडे बघत,
दूध उतू जाईल म्हणून बसावं तसे.
दिवा विझला की बादली भरतात,
कोपर बुडवून बघतात,
विसण घालतात, परत बघतात,
मग हाक येते:
ऊठ गं, पाणी काढलंय.

आले, म्हणते मी,
आणि तशीच पडून राहते आणखी थोडा वेळ.
निवू दे जरा.
युनिटं जळोत.