लाल खुणेचा नळ

रुवीत जूनमध्ये निळ्या खुणेचा नळ उघडू नये,
हात भाजतो.
गच्चीवरची टाकी दिवसभर उन्हात, खालचे डोंगरही रात्री
तव्यासारखे धग सोडत बसलेले.
मे संपता संपता आई गीझर बंद करायची
आणि आम्ही गरमच्या नळानं गार अंघोळ करायचो.
पाहुण्यांना हे समजावून सांगावं लागे.
मला नाही लागलं.

त्या वर्षी बाबांची रजा अडली.
सगळी बिल्डिंग गावाला गेली, आम्ही राहिलो,
आणि हॉलचा एसी गळायला लागला.

तू शिडी घेऊन आलास.
आईनं विचारलं, कुठले?
दापोलीकडचा.
आडनाव?
दळवी.
आईचा चेहरा काय उजळला!
परमुलखात आपल्यातला पोरगा भेटला म्हणाली,
चकलीचा डबा निघाला, आलं ठेचलं गेलं.
मग तू पावती फाडलीस, खाली पूर्ण नाव लिहिलंस:
इम्तियाज दळवी.
आई पावतीकडे बघत राहिली.
बोलली काही नाही. चकल्याही मागे घेतल्या नाहीत.
कप मात्र दोनदा घासला.

आठ दिवसांनी मी एसीच्या पायपात
जुन्या परकराचा बोळा कोंबला.
तू तो ओढून काढलास, पिळलास,
"ह्यो कोनी कोंबलान?"
तो शेवटचा न
मी रात्रभर जिभेवर धरून ठेवला.

साडेबारा ते साडेतीन उन्हात कामाला बंदी.
तेवढे तीन तास आपले:
दोन टाक्यांमधली हातभर सावली, पुठ्ठ्याचं खोकं उलगडून,
ताकाचा एक डबा दोघांत.
तू अर्धेकच्चे खजूर आणायचास.
या जातीचं नाव खलास, म्हणालास,
आणि आपण हसलो, मूर्खासारखे,
खालच्या रिकाम्या मजल्यांना ऐकू जाईल इतके.

बाबा ओरडले नाहीत. हिशेबाचा माणूस.
जेवताना एकेक रकम मांडत गेले:
सांगलीच्या फ्लॅटचे हप्ते, निनादची फी,
जतकरांचं स्थळ दिवाळीपर्यंत थांबायला तयार.
आणि आमटीत भात कालवता कालवता,
त्या पोराचा व्हिसा कुणाच्या कंपनीवर आहे
ते माहीत आहे मला.
खलास, म्हणाले,
ऑफिसात फाईल मिटताना म्हणतात तसं.

मी स्वतःला सांगत आले
की तुझ्या व्हिसासाठी गप्प बसले.
अर्धं खरं आहे.
गच्चीवर एकदा तुझ्या घरून फोन आला होता,
बहिणीचं सोनं, मामूच्या मुलीशी झालेलं बोलणं,
आणि तू खाली बघत, नखानं पुठ्ठा सोलत,
होय माँ, होय माँ, होय.
मला तेव्हाच कळलं होतं.
माझ्या घरातलंच तर होतं ते होय,
फक्त हेल वेगळा.
पुठ्ठ्याचा तो सोललेला तुकडा मी उचलला नाही.
उचलायला हवा होता का, अजून ठरत नाही.

ऑगस्टच्या शेवटी एसी पुन्हा गळला.
आईनं दुसरीकडे फोन लावला.
एक म्हातारा मलबारी आला,
पायपातून तार फिरवून बघितली,
काही नाही म्हणाला, कचरा होता नुसता.
आई माझ्याकडे बघत होती.
मी त्याला चहा विचारला.

आता सोहारला असते.
मागच्या जूनमध्ये सासूबाई आल्या पहिल्यांदा,
बाथरूममधून हाक मारली, अगं, पोळलं!
मी दाराबाहेरून सांगितलं,
निळा नको, लाल खुणेचा सोडा.
लाल?
हो, लाल. इथे उन्हाळ्यात असंच असतं.
बराच वेळ काहीच आवाज नाही.
मग धार पडली,
आणि त्या म्हणाल्या, स्वतःशीच,
अगं बाई, खरंच की गार आहे.