तीन तबकड्या

कुताइसीत त्या हिवाळ्यात वीज रात्री नऊला यायची
आणि मग तिच्या मर्जीने जायची.
आमचा स्टुडिओ म्हणजे चपलांच्या दुकानाखालचं तळघर.
एक हीटर, एक संगणक,
त्याच्या पोटात तीन हार्ड डिस्क,
ज्यांना मिळून एकच म्हणायचं.

वेगासाठी, बादरी म्हणाला होता.
एकीचा घास गिळून होईतो दुसरीच्या तोंडात दुसरा,
तिसरीच्या तिसरा,
मग पुन्हा पहिलीची पाळी.
आणि एखादी गेली तर?
त्याने टेबलावरचा पावाचा चुरा तळहाताने झाडला.
एवढंच उत्तर.

त्या तिघींवर गुरियातले तीन म्हातारे होते,
ओनिसे, वार्लाम, पोलिकार्पे,
मक्याची भाकरी नि दारूचा घडा पुढ्यात घेऊन गाताना.
तिघांच्या तीन वाटा.
कुणी कुणाच्या मागे जात नाही,
गाणं मात्र कुणा एकाच्या वाट्याला येत नाही.
ओनिसे नोव्हेंबरात गेला.
म्हणजे पुन्हा चित्रित करू, हे म्हणायची सोय संपली.

आणि फाइल अडखळायची.
वार्लाम तोंड उघडायचा नि तसाच राहायचा,
जांभई देणाऱ्या मांजरासारखा.
दोष त्याचा नव्हता. वर्षभर आम्ही लग्नं, बाप्तिस्मे,
एका दातांच्या डॉक्टरची जाहिरात
भरत गेलो, पुसत गेलो,
जिथे भोक दिसलं तिथे पुढचं कोंबत गेलो.

म्हणून मी डीफ्रॅग लावलं.
पडद्यावर तांबडे ठोकळे निळे व्हायला लागले, एकेक करून,
कुणी डाळ निवडत बसावं तसे.
त्या बापड्या प्रोग्रॅमला ठाऊकच नव्हतं
की खाली तिघीजणी आहेत.
तो एका ओळीत लावत होता,
त्या ती ओळ आपापसात वाटून घेत होत्या.

एक चाळीसला वीज गेली.
एक्केचाळीस टक्के.
यूपीएस टिवटिवायला लागला. वीस मिनिटं, फार तर.
मी 'थांबवा' दाबलं.
'थांबवत आहे', संगणक म्हणाला,
आणि काम करत राहिला.

जनरेटर अंगणात होता, कोरडा.
मी गेनो टॅक्सीवाल्याचं दार बडवलं.
तो पायजम्यावर कोट चढवून आला,
माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला,
गाडीच्या टाकीत नळी घातली, तोंडाने ओढलं, थुंकला,
आणि बोर्जोमीच्या दोन बाटल्या भरून दिल्या.
"कोण मरतंय?" त्याने विचारलं.
मी म्हटलं, "म्हातारे गातायत."
तो काही बोलला नाही. दोर त्यानेच ओढला.

सकाळी दहाला सगळं निळं झालं.
मी लावून पाहिलं.
पोलिकार्पेने सुरुवात केली, वार्लाम आत आला,
तोंड उघडलं, सूर निघाला, कुठे अडकला नाही.
फक्त तिसऱ्या मिनिटाला, ओनिसेच्या जागी,
तीच जुनी फट.

मागे घेतलं. पुन्हा लावलं.
कान स्पीकरला टेकवला.
फट नव्हती.
म्हातारा श्वास घेत होता.

बाटल्या धुतल्या तरी वास जाईना.
तशाच गेनोच्या पायरीवर ठेवून आले.
मधली डिस्क हल्ली टकटक करते.
बादरीला अजून सांगितलेलं नाही.