युरियाच्या गोणीवर

नऊ रजिस्टरं, एक फोन, चार्जिंग सतरा टक्के.
गरोदर बायांची यादी, बीपीची, कुत्रा चावल्याची.
सोमवारी लाखनीच्या मीटिंगला सगळंच मागतील.
काल रात्री सारी पसरून ठेवली
अन् नुसती पाहतच बसली.

पहाटे कूलरमागच्या जागेत
तीन गोण्या उसवून शिवलेली चटई.
टाचा उचलल्या की
फळीवरचा हळदीचा डबा दिसतो, त्यावरची धूळ.
आज पुसायची नाही.

वाकली. बोटं गुडघ्यापर्यंतच पोचली.
गुडघे तर गुडघे.
चुलीपासून सासू विचारते, "काय हरवलं वं इंदुकला?"
"काही नाही आत्याबाई, श्वास पाहून राहिली."
"सापडला का?"
"येते अन् जाते."

शवासनात बकरीचं पिल्लू आलं,
वेणीचं टोक चघळू लागलं.
प्रेतानं हसायचं नसते.
मी हसली.

मग एकच रजिस्टर सोडलं दोरीतून.
सगुणा मडावी, सातवा महिना,
वजनाचा रकाना कोरा.
परवा काट्यावर उभी होती ती, चप्पल काढून,
मला आकडा आठवत होता.
लिहिला.

बाकीची आठ तिथंच आहेत.
चहा उतू गेला वाटते.