बोट ठेवा

उयुनीच्या पेन्शन-खिडकीपाशी
सातुर्निना कोल्के चौथ्यांदा अंगठा टेकवते.
मी काच पुसतो, ती अंगठा पुसते शालीला.
यंत्र म्हणतं, बोट ठेवा.

ठेवलेलंच आहे.
चाळीस वर्षं मीठ ओढलं, कुटलं,
पिशव्यांची तोंडं ज्योतीवर चिकटवली.
मिठानं एकेक रेघ खाल्ली.

जगात दोन ठसे सारखे नसतात,
माझ्या मागच्या भिंतीवर लिहिलंय.
कोऱ्या अंगठ्यांचं काही लिहिलेलं नाही.
सकाळपासून हा तिसरा,
तिघांचेही हुबेहूब.

“घरी आहे की माझा,” ती म्हणते,
“चुलीच्या मातीत. लग्नाच्या वर्षी लिंपताना
रुतला होता. अजून दिसतो, वर जरा भोवरा...
चूल आणू का?”

रांगेत कुणीतरी फिसकन हसतं.
मी पुन्हा काच पुसतो.