अठरा अंश

सावद्याला, केळी पिकवायच्या खोलीबाहेर माझं टेबल.
त्यावर आकडे दाखवणारी पेटी, एक वही,
आणि सिकंदर तडवीचा चहाचा ग्लास,
ज्याचा गोल डाग वहीच्या पानापानावर.

आत बाराशे क्रेट. केळी तोडली तरी श्वास घेतात,
त्या श्वासाची ऊब कोंडत जाते.
अठरावर धरायची त्यांना. वर गेली
तर साल हिरवीच आणि गर मऊ;
फार खाली गेली तर साल काळवंडते.

आणि वीज:
कधी लाईन, कधी डिझेल, कधी दोन्ही नाही.
"लाईट का घरजावई हाय, नेहेते मॅडम,
एकदा आला म्हणजे बसून राहीन?"

फैजपूरला शिकताना सर फळ्याशी म्हणाले होते,
दोन्ही चाली सुट्या सुट्या शांत असतात,
आलटून पालटून चालवल्या की तीच गाडी उधळते.
मी तेव्हा खिडकीबाहेर बघत होते.

दोन उन्हाळे मी मोजत बसले,
कशातून कशात, किती वेळा.
सुरेख तक्ता झाला, प्रत्येक ओळीची बेरीज एक.
मग मे महिन्यात निंभोऱ्याकडचे खांब आडवे झाले
आणि तक्ता खोटा पडला.

आता मी एवढंच ठरवते
की तो किती खोटा असू शकेल.
तेवढ्या कुंपणात कुठलाही तक्ता निघो,
चालेल असा एकच आकडा पेटीत भरलाय.
जरा मंदच आहे तो.
चूक दिसली की धावत सुटत नाही,
आणि झोपतही नाही.

काल रात्री पावणेतीनला लाईन गेली.
जनरेटर खोकला, पकडेना.
अठरा दशांश चार. सात.
सिकंदरने पान्याने काहीतरी ठोकलं,
कुणाच्या तरी बापाचा उद्धार केला,
एकोणीस दशांश एक,
जनरेटर धरला आणि त्याच क्षणी लाईनही आली.
आम्ही दोघं हसलो. पेटी हसली नाही.
तिनं हळूहळू खाली आणलं. अठरा दशांश दोन.
सतरा दशांश नऊ.

नेमके अठरा मी अजून वहीत लिहिलेले नाहीत.
चहाचे डागही एकावर एक बसत नाहीत,
पण पानाबाहेर जात नाहीत.

पहाटे दिल्लीच्या ट्रकवाल्यानं
एक केळ सोलून उभ्या उभ्या खाल्लं,
साल माझ्या टेबलावर ठेवली
आणि पावती मागितली.