मोहोळ

रात्री कुणीतरी बाबांच्या ईकोचा सायलेन्सर कापून नेला.
सकाळी किल्ली फिरवली तर गाडी रेड्यासारखी रेकली,
बोरडोहची कुत्री भुंकत सुटली,
आणि शाळेची अकरा पोरं मागच्या सीटवर
कान दाबून हसत बसली.

इस्माईल मिस्त्री गाडीखाली सरपटत गेला.
नुसते पाय बाहेर, एका पायात चप्पल नाही.
“माती नेली गा, देवाजी.”
“कायची माती?”
“आतली. सोन्याच्या भावानं जाते.”
सात वर्षं बाबा सोनं घेऊन फिरले होते
वणी-घुग्गुस रस्त्याच्या काळ्या धुळीत,
आणि टायर मात्र तिसऱ्यांदा रिमोल्ड केलेले.

मिस्त्रीनं भंगारातून एक जुना डबा ओढला, ग्राइंडरनं चिरला.
आत मोहोळ.
बारीक बारीक घरं, हजारो.
माशी नाही, मध नाही, राणी नाही.
बाबांनी त्यावरून बोट फिरवलं.
“उलटंच हाये हे.
आमी धुरानं मोहोळ उठवत होतो,
इथं मोहोळच धुराले बसवते.”

कॉलेजात ढवस मॅडमनी फळ्यावर लिहिलं होतं:
उत्प्रेरक दोघांना जवळ आणतो,
आणि शेवटी स्वतः तसाच उरतो.
मी वहीच्या समासात लिहिलं, फुलाआत्या.
बेचाळीस सोयरिकी जुळवल्या तिनं
झरीपासून मारेगावपर्यंत, पायी.
सहा देवांचा मुलगा, सात देवांची मुलगी,
दोन्हीकडचा चहा, दोन्हीकडचा हेका,
आणि मांडवातून सगळ्यांआधी निघायची,
तेच लुगडं, तीच पिशवी, तीच तंबाखूची डबी.

आता मी निकेलच्या जाळीवर काम करते.
निर्गुडेचं पाणी गाळते, उकळते, वाफेतून पुन्हा धरते,
पोटॅश घालून जाळी बुडवते.
कोरी जाळी दुपारभर आळसावलेली.
लोखंडाचा हलकासा लेप दिला
की तेवढ्याच विजेत बुडबुडे उसळतात,
शाळा सुटल्यासारखे.
नळीत कोंडलेल्या हवेला काडी लावली की टप्प,
आणि काचेवर दव.

बाबा एकदा बघायला आले.
ते दव त्यांनी बोटानं टिपलं, चाखलं.
“बेचव हाये. बरं हाये.”
मग भिंतीतल्या प्लगकडे पाहून म्हणाले,
“आन् हे लाइन कुठून येते?”
खिडकीबाहेर कोळशाची मालगाडी चालली होती.
मी डबे मोजले. अठ्ठावन्न.
उत्तर दिलं नाही.

पुस्तकात पान उलटल्यावर, बारीक अक्षरात आहे:
गंधक, शिसं, धूळ,
यांनी उत्प्रेरकाला विष चढतं.
तशी जाळी मी पाहिली आहे.
काळवंडते. बुडबुडे येतात एकेकटे,
मधे विचार करत.
पोळ्याच्या आदल्या दिवशी आत्या ओट्यावर खोकत होती.
वणीच्या डॉक्टरनं फोटो उजेडाला धरला,
काहीतरी पांढरं दाखवलं, गोळ्या लिहिल्या.
त्रेचाळिसावी सोयरीक अर्ध्यात अडकलेली,
मुलगा मुकुटबनचा, मुलगी कायरची.
‘तसाच उरतो’ हे ज्यानं लिहिलं
तो शेवटपर्यंत थांबला होता का बघायला?

चार महिने गाडी साध्या नळीवर धावली.
पोरांची डोकी दुखायची म्हणून खिडक्या उघड्या,
खिडक्या उघड्या म्हणून धूळ.
माझ्या फेलोशिपचे पैसे आले तेव्हा
मिस्त्रीनं नवा डबा बसवला, साखळीनं जखडला.
तरी बाबा रात्री गाडीतच झोपतात,
पाठीखाली मोहोळ, उशाला पान्हा.

काल आत्या पुढच्या सीटवर बसली, नाकाला पदर,
मांडीवर पिशवी. मुकुटबनला जायचं म्हणाली,
आजच, कायरवाले तयार आहेत.
बाबांनी किल्ली फिरवली.
कुत्री झोपलेलीच राहिली.